चाटलेला दगड

१८ नोव्हेंबर, सोमवार

एकदाची सुरतेत पोचले. उधना स्टेशनवर दादा घ्यायला उभा होता. तो रेल्वेतच आहे, त्यामुळे गाडी उशिरा येणार हे त्याला माझ्याआधी कळलं होतं, तरी उशिराबद्दल बोलणी मलाच बसली. आईनं अकोल्याहून एवढं लोणचं बांधून दिलंय की वहिनी बरणी बघून हसतच सुटली.

घर डिंडोलीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली भाजीवाली अहिराणीत भांडते, समोरचा किराणावाला गुजरातीत हिशेब सांगतो आणि जिन्यातली पोरं हिंदीत शिव्या देतात. मला आतली छोटी खोली दिलीय. खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची भिंत दिसते, पण खोली स्वच्छ आहे आणि मला तेवढं पुरतं. अकोल्याला घरी मला ‘शिसारीबाई’ म्हणतात. कुणाच्या उष्ट्या पेल्याला मी तोंड लावत नाही, बसमध्ये शेजारचा शिंकला तर पुढच्या स्टॉपवर उतरावंसं वाटतं. माझा स्टीलचा पेला मी सोबत आणलाय. वहिनीनं तो फळीवर वेगळा ठेवला आणि तोंड वळवून हसली.

आणि यशू! सहा महिन्यांची झाली. यशोधरा हे नाव मीच ठेवलं, आत्याच्या हक्कानं, व्हिडिओ कॉलवरून. आज पहिल्यांदा हातात घेतली. तिनं माझा चष्मा ओढला आणि गालभर लाळ माखली. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर मी अंघोळ केली असती. हिची लाळ मी ओढणीनं पुसली आणि पुन्हा गाल पुढे केला. मला ही पोर फार आवडली आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

कामाची जागा कतारगामला, हिऱ्याच्या एका जुन्या कारखान्यात. मंदी आल्यापासून शेठनं अर्धा कारखाना बंद केला आणि उरलेल्या जागेत मुलांसाठी जीवाश्मांचं संग्रहालय काढायचं ठरवलंय. मला ते ‘निशाबेन’ म्हणतात आणि मला गुजराती कळावं म्हणून ओरडून बोलतात. कच्छमधल्या एका खाणीतून आलेली पेटी माझ्यासमोर ठेवली. त्यांना वाटतं सगळे शिंपले आहेत. मी सांगितलं की यातला एकही शिंपला नाही. त्यांचा चेहरा पडला.

हे ब्रॅकिओपॉड. शिंपल्याच्या झडपा डाव्या-उजव्या असतात, यांची एक पाठीवर आणि एक पोटावर. पोटाकडची झडप मोठी, तिला मागे चोच, चोचीला भोक. त्या भोकातून एक मांसल देठ बाहेर येतो आणि प्राणी त्या देठानं खडकाला जन्मभर चिकटून राहतो. आत तोंडाभोवती केसाळ हातांची झालर असते. ती हलवून पाणी आत घ्यायचं, त्यातला गाळ खायचा. गंमत म्हणजे यांच्या बऱ्याचशा जातींना मागचं दार नसतंच. आतडं पुढे जाऊन बंद. खाल्लेलं उरतं त्याच्या गोळ्या होतात आणि तोंडावाटेच बाहेर पडतात. हे शेठना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. डबा बंद करून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ते केलंय.

पेटीतली एक जात मला ओळखता येत नाहीये. सुपारीएवढी, गुळगुळीत, फिकट तपकिरी. वर्णनात कुठेच बसत नाही. नवी निघाली तर शेठना तिला त्यांच्या आईचं, झवेरबांचं नाव द्यायचंय. मला काय, नाव कुणाचंही असो, शोध माझा.

२५ नोव्हेंबर, सोमवार

या प्राण्यांना बाहेरून बघून गणात घालता येत नाही, वेगवेगळ्या गणांतले बाहेरून अगदी सारखे दिसतात. खरी ओळख आत असते. झालरीला आधार देणारा चुन्याचा सांगाडा नुसत्या दोन हुकांचा आहे, फासासारखा आहे की मळसूत्रासारखा, त्यावर गण ठरतो. त्यासाठी दगड चाकावर केसभर घासायचा, चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर घासायचा. शेवटी दगड संपतो आणि चित्रं उरतात.

चाक इथे आहेच, हिरे घासायचं. चालवायला दत्तू आहे, धुळ्याकडचा, मंदीत हिऱ्याचं काम गेलेला. आज त्याच्यासमोर माझी फजिती झाली. घासलेला पृष्ठभाग ओला केला की आतल्या रेघा उठून दिसतात, म्हणून आम्ही भूशास्त्राची मंडळी दगड सरळ चाटतो. सरांनी पहिल्याच सहलीत शिकवलं होतं, तेव्हापासून सवय जडलीय. उष्टा पेला चालत नाही, दगड चालतो. कोट्यवधी वर्षं कुणी तोंड लावलेलं नाही, यापेक्षा स्वच्छ काय असणार? मी जीभ लावली तशी दत्तूनं चाक बंद केलं आणि विचारलं, “बहीण, तोंडमा दगड का घालस?” मी समजावलं. त्यानं पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. मी ती बाजूला ठेवली, कारण तिला त्यानं तोंड लावलेलं असणार.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

या जातीचं काय करावं कळत नाही. पहिल्या नमुन्यात आधाराचा फास दिसला, दुसऱ्यात त्याच जागी मळसूत्र, तिसऱ्यात दोन्ही. एकाच जातीत हे होत नाही. जणू आतला सांगाडा अजून वाढतोच आहे.

तिसऱ्या नमुन्याच्या मधोमध आज पोकळी लागली. अशा पोकळीत नेहमी स्फटिक असतात. इथे तपकिरी, चिकट काहीतरी होतं. बंदरावर ओली जाळी सडतात तसा वास आला. आधीच्या दोन दगडांसारखं यालाही मी सवयीनं जीभ लावून बसले होते, वास नंतर आला. खारट लागलं. आणि जिभेवर काहीतरी बारीक, केसासारखं राहिलं, ते ओढून काढता येईना. मी बेसिनकडे पळाले, इतक्या चुळा भरल्या की घसा दुखला. वाळलेला डिंक असेल, खाणवाले तुटलेले दगड डिंकानं चिकटवतात. डिंकच असणार. दत्तूनं तोंडावरचा फडका आणखी घट्ट बांधला.

१ डिसेंबर, रविवार

आज यशूचं उष्टावण झालं. सकाळी बुद्धवंदना झाली. पहिला घास मामानं द्यायचा, पण त्याला बडनेऱ्याहून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मान मला. वहिनीनं तांदळाची खीर केली होती, शीत जरा जाड राहिलं होतं. यशूनं पहिला चमचा थुंकून दिला. समोरच्या शांताबाई म्हणाल्या की आधी तुम्ही दातांनी मऊ करा आणि मग बोटानं द्या, सगळ्या आयाबाया असंच करतात. मी, शिसारीबाई, सगळ्यांसमोर तेच केलं. शीत माझ्या तोंडात मऊ केलं आणि बोटानं तिच्या तोंडात ठेवलं. तिनं मिटक्या मारल्या. मग ती माझ्याशिवाय कुणाकडून खाईना! वाटी संपेपर्यंत माझ्या तोंडातलं तिच्या तोंडात. वहिनीनं फोटो काढले. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

४ डिसेंबर, बुधवार

पोट साफ होत नाही. आधी वाटलं पाणी बदललं म्हणून. वहिनीनं एरंडेल दिलं, शांताबाईंनी बाळहिरडा, म्हणजे इथली हिमेज दिली, काही उपयोग नाही. पोट दुखतही नाही. ते दार बंद झालंय, बस्स.

आज कामावर उमाळा आला आणि बेसिनमध्ये उलटी झाली नाही, गोळ्या पडल्या. पाच-सहा, करड्या, गुळगुळीत, बुळबुळीत पापुद्र्यात गुंडाळलेल्या, सगळ्या एका मापाच्या. त्यात कालच्या मेथीचा हिरवा धागा होता. मी नळ सोडला. एक गोळी जाळीला चिकटून राहिली, ती बोटानं ढकलावी लागली. ते बोट मी फिनेलनं धुतलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

महापरिनिर्वाण दिन. दादा-वहिनी पांढरे कपडे घालून यशूला घेऊन बाबासाहेबांच्या पुतळ्याला गेले. मी जात नाही म्हटल्यावर दादा रागावला. आजपर्यंत हा दिवस मी कधी चुकवला नव्हता. पण हे तोंड घेऊन चारचौघांत कशी जाऊ?

खालच्या ओठाच्या आत, हिरडीच्या कडेनं, केस आलेत. काळे, ताठ, ब्रशसारखे, एका रांगेत. चिमट्यानं एक उपटला. मुळाशी पांढरं मांस लोंबत आलं. घास तोंडात घेतला की हे केस तो धरतात आणि आपोआप आत सरकवतात. मला चावावं लागत नाही. वरणभात आत सरकत जातो आणि मी नुसती बसलेली असते.

दुपारी तोंडाला ओढणी बांधून डॉक्टरकडे गेले होते. तोंड उघडून दाखवायची लाज वाटली, फक्त पोटाचं सांगितलं. त्यांनी जुलाबाचं औषध दिलं आणि ताण घेऊ नका म्हणाले.

८ डिसेंबर, रविवार

आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. वहिनी फरशी पुसून बादली मोरीत ठेवून गेली. काळं पाणी, वर केस, खरकट्याचे कण. मला त्याचा वास गोड लागला. भानावर आले तेव्हा मी बादलीवर ओणवी होते आणि तोंड पाण्यात होतं. गिळत नव्हते. पाणी आत येत होतं, परत जात होतं, आणि गाळ माझ्याकडे राहत होता. पोट भरलं. चार दिवसांत पहिल्यांदा मला खाल्ल्याचं समाधान वाटलं. नंतर मी साबणाचा तुकडा तोंडात धरून रडले.

वही काढून ब्रॅकिओपॉडांची शरीररचना वाचत बसले. आतडं पुढे बंद. झालर. कडेचे केस. सगळं मला आधीच पाठ होतं.

मग यशूची आठवण झाली. ती खीर.

९ डिसेंबर, सोमवार

दिवसभर तिच्याजवळ बसले. काही नाही. खेळते, हसते. वहिनी म्हणाली की तिला दोन दिवस शी झाली नाही, पण वरचं अन्न सुरू केलं की असं होतंच. मी विचारलं, ओकते का? म्हणाली, बाळं ओकतातच, हिचं तर किती शहाण्यासारखं, दुपट्यावर नीट गोळी काढून ठेवते, कपडे खराब करत नाही.

दुपटं बघितलं. मुगाच्या दाण्याएवढी. करडी.

सांगायला हवं. आत्ताच सांगायला हवं. पण काय सांगू? दगड चाटला आणि तुमच्या पोरीला भरवला? वहिनीला आधी माझं तोंड दाखवावं लागेल. ती मला पुन्हा पोरीला हात लावू देणार नाही. उद्या सांगते. आधी शेठकडे जाऊन उरलेले दगड बघते, काही उपाय सापडला तर —

१० डिसेंबर, मंगळवार

पेटीतले उरलेले दगड उघडले, दत्तूनं घासायला नकार दिला म्हणून हातोडीनंच फोडले. सगळ्यांत ते ओलं. झालर पूर्ण, केसांसकट, कोट्यवधी वर्षांची आणि कुजलेली नाही. एक हातोडी लागताच आकसली. मी पाहिलं. आकसली.

हे नामशेष नाहीत. मिटून बसले होते. मेलेला शिंपला उघडतो, हे उघडत नाहीत, त्यामुळे बाहेरून कळतच नाही.

सगळं ॲसिडच्या बरणीत टाकलं. फेस आला, वास आला. शेठनी मला कामावरून काढलं. बरं झालं.

१२ डिसेंबर, गुरुवार

मानेच्या मागे गाठ आली आहे. मऊ, ओली. सकाळी उठताना उशी सोबत आली. उशीचा अभ्रा तिथून सोडवताना चर्रकन आवाज झाला आणि बुळबुळीत दोरा ताणला गेला, तार सुटेचना. कात्रीनं कापला. मला दुखलं. म्हणजे तो माझाच आहे.

जबडा जड झाला आहे. उघडायला जोर लागतो. आज वहिनीला सांगायचं म्हणून स्वयंपाकघरात गेले, “वहिनी” म्हटलं आणि ओठांतून गोळी पडली, तिच्या पीठ मळायच्या परातीशेजारी. तिनं बघितलं नाही. मी उचलली. मुठीत धरून परत आले.

स्वतःची इतकी किळस येते की स्वतःला बाहेर टाकून दार लावावंसं वाटतं —

१३ डिसेंबर

अंघोळ करूनही वास जात नाही. जाळ्यांचा.

दादानं दार ठोठावलं. उद्या मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणाला. हो म्हटलं. यशूलाही नेऊ म्हणायचं होतं — जबडा मिटला. आता बोटं घालूनही जेमतेम —

यशूच्या अंघोळीचं पाणी टबात राहिलं होतं. प्यायले. माफ कर पोरी.

१४ डिसेंबर

उठता येत नाही. मान भिंतीला — देठ भिंतीत शिरला आहे. ओढलं की डोळ्यांपुढे अंधार येतो. रक्त नाही, पांढरं पाणी येतं. कात्री टेबलावर. हात पोचत नाही.

तोंड बंद. पूर्ण. नाकातून श्वास.

बाहेर आनंद चाललाय. शांताबाई, खालच्या बायका, सगळ्या आल्यात. वहिनी ओरडून सांगतेय — यशूला दात आला! एक नाही, सगळी रांग! काळसर आहेत, पण दुधाचे दात कधीकधी असतात तसे, असं शांताबाई म्हणाल्या — सगळ्या आळीपाळीनं तिच्या हिरडीवरून बोट फिरवतायत — मुके घेतायत —

ओरडले. आवाज आतच राहिला.

भिंतीवर हात आपटला. दादाला अचानक ड्युटीवर बोलावलं, दवाखाना राहिला. वहिनी म्हणाली ताई झोपल्यात, आवाज करू नका.

१५ डिसेंबर

वहिनी, हे तुमच्यासाठी लिहितेय. मोठ्या अक्षरात. आत आलात की हे धरते.

यशूला आजच दवाखान्यात न्या. दात नाहीत ते. आजच काढले तर कदाचित अजून — तोंड उघडतंय तोवर — दोष माझा, मी भरवलं. मला इथेच राहू द्या. आधी तिला न्या. तिचं उष्टं कुणी खाऊ नका. शांताबाईंनाही सांगा. तिच्या तोंडातलं काहीही

दार उघडलं. आलात. यशू कडेवर, हातात खिचडीची वाटी. मी वही वर धरते, खाली घेऊन लिहिते, पुन्हा धरते — इकडे बघा, वहिनी — वही खाली घ्या म्हणताय, आधी दात बघा म्हणताय — यशूनं मान फिरवली, तिला नको आता, पोट भरलं — वाटीत थोडी उरलीय — वाया कशाला, असं म्हणून तोच चमचा तुम्ही —

नाही वहिनी नाही — आधी वाचा — तों